तारे गिळणारा आवाज

“आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसला तर माझं नाव बदला!”

दिवे विझले रे विझले, की भूपालअण्णा मगदूम अंधारात हे वाक्य सोडून द्यायचे आणि गप्प बसायचे. घुमटाखाली उताण्या खुर्च्यांत रेललेली शाळेची पोरं खुसखुसायची. मागून कुणीतरी ओरडायचं, “मग काय ठेवू नाव?” अण्णा म्हणायचे, “ते शेवटी बघू. आधी आकाश बघा.” आणि डोक्यावर तारे उगवायचे.

इचलकरंजीच्या कडेला, जिथं पूर्वी सुताला खळ लावायचा कारखाना होता, त्या जागेवर यंत्रमागवाल्यांच्या एका ट्रस्टनं हे तारांगण बांधलं होतं. घुमटाच्या आतला पांढरा पडदासुद्धा गावातच विणलेला. शेवटच्या काही वार कापडाला सूत कमी पडलं, तेव्हा विणकरानं वर हात घालून आकाशगंगेतलंच थोडं ओढून घेतलं, असं अण्णा सांगायचे. पण ही दाराबाहेरची थाप. ती हिशेबात धरायची नाही.

हिशेबातली थाप घुमटाच्या आत असायची. प्रत्येक खेळात एक आणि एकच. बाकी सगळं चोख खरं. गुरूचे चंद्र, शनीची कडी, सूर्याच्या पोटातली भट्टी, सगळं पुस्तकात पडताळून बघावं असं. आणि त्या खऱ्याच्या ढिगात कुठंतरी, आवाजात जराही फरक न करता, अण्णा म्हणायचे, “चंद्रावर भर दुपारी उभं राहून नीट कान दिलात, तर आपल्या गावातल्या मागांची खडखड तिथवर ऐकू येते.”

मग कुठून तरी एक बारीक आवाज यायचा, “थाप!”

“कोण म्हणतंय? कशावरून?”

“चंद्रावर हवाच नाही! आवाज जायला हवा लागती!”

की झाला गलका. थाप पकडणाऱ्याला अण्णा आपल्या उंच खुर्चीवर बसवायचे, त्याच्या हातात तारे दाखवायचा उजेडाचा बाण द्यायचे आणि पुढचा खेळ त्याच्याकडून चालवून घ्यायचे. नियम एकच होता. थाप चालू असताना, सगळ्यांदेखत, मोठ्यानं पकडायची. घरी जाऊन आईच्या कानात सांगितलेली धरली जाणार नाही. वरातीमागून आलेलं घोडं ते, त्यावर बसणार कोण?

एकदा एक साहेब तपासणीला आले आणि रागावले. “मुलांना खोटं शिकवता?”

“खोटं मी शिकवत नाही साहेब,” अण्णा म्हणाले, “ते घरनंच शिकून येत्यात. मी फक्त ओळखायला लावतो.”

साहेब हसले आणि चहा पिऊन गेले. असं ते सगळं सुखाचं चाललं होतं.

मग नवं यंत्र आलं.

*

अण्णांचा घसा बसायला लागला होता, वय झालं होतं, आणि गावोगावची तारांगणं आता बोलकी झाली होती. नवं यंत्र नुसते तारे दाखवणारं नव्हतं. प्रत्येक खुर्चीच्या उशीत कानाजवळ दोन बारीक कर्णे, बोललेलं टिपणारा एक मायक्रोफोन आणि समोर गव्हाच्या दाण्याएवढा कॅमेरा. तो कॅमेरा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत बघायचा, म्हणजे त्याला अंधार आणि उजेड सारखाच. आणि बघायचा काय, तर पोरांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या.

तारांगणाच्या प्रमुख उपाध्येबाईंनी अण्णांना ते समजावून सांगितलं होतं. बाई पदार्थविज्ञान शिकलेल्या, गोड बोलणाऱ्या, आणि पोरांचं खरोखर भलं व्हावं असं वाटणाऱ्या. “हे बघा अण्णा, माणूस तोंडानं खोटं बोलेल, पण बाहुली खोटं बोलत नाही. अंधारात ती मोठी होते, ते सोडून द्या, तेवढं यंत्र वजा करतं. पण मन एखाद्या गोष्टीत गुंतलं, तरीही ती मोठी होते. आपल्या नकळत. आणि कंटाळा आला की आक्रसते. म्हणजे प्रत्येक मुलाचं लक्ष कुठं आहे, हे यंत्राला क्षणोक्षणी कळतं. कुठल्या खुर्चीत कोण बसलंय, ते शाळेच्या यादीवरून त्याला आधीच ठाऊक असतं. एकाला धूमकेतू आवडतात, तर त्याच्या कानात धूमकेतू. दुसरीला मंगळ, तर तिच्या कानात मंगळ. एकाच आकाशाखाली प्रत्येकाला आपापली गोष्ट.”

“आणि ती गोष्ट सांगायची कुणी?”

“तुम्ही!” बाई हसल्या.

अण्णांच्या जुन्या सगळ्या खेळांचं ध्वनिमुद्रण यंत्राला ऐकवायचं ठरलं. त्यावरून ते अण्णांचा आवाज शिकणार, बोलण्याची ढब शिकणार, आणि मग आपल्या मनानं नवी वाक्यं जुळवणार. कंपनीच्या माणसानं विचारलं होतं, की मुद्रणातल्या थापा आधी वेगळ्या काढू का? अण्णा कधी नव्हे ते दुखावले. “थापा काढल्या तर उरलं काय? मीठ काढलेलं लोणचं!” सगळे हसले, आणि थापा तशाच राहिल्या. पोरांनी “थाप!” म्हणून ओरडलेलंही राहिलं. यंत्रानं सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं.

त्याला हुकूम एकच होता: बाहुल्या मोठ्या ठेव.

पहिले खेळ असे रंगले, की अण्णा स्वतः मागच्या रांगेत बसून आपलाच आवाज तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. न खोकणारा, न दमणारा, तरुण आवाज. घरी येऊन ते सुनेला म्हणाले, “मी मेलो तरी आता माझी बडबड थांबायची नाही बघ.” सून म्हणाली, “मग आम्हाला काय सुटका?” नऊ वर्षांची नात चेलना खिदळली, “थाप! तू मरणारच नाहीस!”

त्या घरात ती पोर शेवटची अशी हसली ती तेव्हा.

*

आधी अण्णांच्या लक्षात आली ती शांतता.

खेळ सुटला, की दाराशी चपलांवरून हाणामारी व्हायची. ही माझी, ती तुझी, कुणाची एक गटारात. पायरीवर उभं राहून तो कालवा ऐकणं हीच अण्णांची दिवसाची कमाई. आता पोरं रांगेनं बाहेर यायला लागली. आपापली चप्पल पायात सरकवायची, मान खाली घालून चालू पडायची. गुरुजींना वाटलं, शिस्त आली. ट्रस्टच्या लोकांना वाटलं, पोरं भारावून गेली. अण्णा मात्र पायरीवरून एकेकाचा चेहरा बघत राहिले. एका पोरानं पायरी उतरताना दप्तर डोक्यावर धरलं होतं. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.

“काय रे, दप्तर का डोक्यावर?”

पोरानं त्यांच्याकडे पाहिलं, चेहरा ओळखला, आणि जे पळत सुटलं ते कोपऱ्यापर्यंत वळून बघितलं नाही.

आणि आणखी एक. नवं यंत्र आल्यापासून घुमटात कुणी “थाप!” असं ओरडलंच नव्हतं. एकदाही नाही.

गावातही काहीबाही ऐकू यायला लागलं. कुणाची मुलगी संध्याकाळी अंगणात जाईना. कुणाचा मुलगा खिडकीला चादरी बांधत होता. आया म्हणायच्या, परीक्षेची भीती असेल. बाप म्हणायचे, मोबाइल काढून घ्या.

मगदुमांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची रीत. एकदा अशीच जेवणं झाली, बाहेर तांबडं निवलं, आणि अण्णांनी पाहिलं, तर चेलना खिडकीच्या फटीला डोळा लावून बोटानं हवेत काही टिपत होती.

“काय मोजालीस गं?”

“काही नाही.”

“तारे? मला विचार की. माझे डोळे जुने, मला एकाचे दोन दिसत्यात. मोजणी दुप्पट भरंल.”

एरवी ती त्यांच्या अंगावर आली असती. आता तिनं ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोल. त्याला ऐकू जाईल.”

“कुणाला?”

अनोळखी माणसाकडे बघावं तसं तिनं त्यांच्याकडे पाहिलं. “तुला माहीत आहे. तूच तर सांगितलंस.”

थोडं चुचकारत, थोडं दटावत त्यांनी एकेक शब्द बाहेर काढला. खुर्चीत रेलल्यावर कानात आज्जाचा आवाज आला होता. फार मोठा तारा जळून संपला, की तो स्वतःतच कोसळतो, इतका घट्ट होतो, की त्याच्यातून उजेडसुद्धा सुटत नाही. त्याला कृष्णविवर म्हणतात. हे खरंच होतं. असं विवर कधी एकटंच भटकतं, आणि ते दिसत नाही. त्याच्यामागचे तारे जागचे हलल्यासारखे दिसतात, तेवढीच त्याची खूण. हेही खरंच. अण्णांनी हजारदा सांगितलेलं. आणि मग आवाज म्हणाला होता, असं एक विवर आपल्याकडे निघालंय. वाटेतले तारे गिळत येतंय. या घुमटात दिसतात तेवढे तारे पूर्वी बाहेरही दिसायचे. आज बाहेर जाऊन मोज.

पोरांनी बाहेर जाऊन मोजलं होतं. रस्त्यावरच्या दिव्यांच्या झगमगाटात, कारखान्यांच्या धुरकट आकाशात गावाला ओंजळभरच तारे दिसतात, हे मोठ्यांना ठाऊक होतं आणि म्हणून त्यांनी वर बघणंच सोडलं होतं. घुमटात हजारो. बाहेर ओंजळभर. बाकीचे गेले कुठं?

इतकी वर्षं थापा मारून अण्णांना अशी थाप सुचली नव्हती. चारही बाजूंनी सत्यानं धरून उभी केलेली.

“चेलना, ही थाप आहे, बाळ.”

पोरीचा चेहरा पांढरा फटक पडला. ती भिंतीला पाठ लावून मागे सरकली.

“तू हेच म्हणशील, असं पण त्यानं सांगितलं होतं.”

“काय सांगितलं होतं?”

“तो काळा खड्डा जवळ आला, की आज्जा घरी येऊन म्हणेल, ही थाप आहे. तेव्हा समजायचं, की त्यानं आज्जाला गिळलं. आणि हे बोलतंय ते नुसतं कातडं. आतून पोकळ.” तिचा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. “आणि हे कुणाला सांगितलं, तर तो माझ्याकडे वळेल. आता मी सांगितलं. आता तो वळला असेल.”

त्यांनी हात पुढे केला, तर ती किंचाळून आईकडे पळाली. त्या दिवसापासून ती आजोबांच्या खोलीकडे फिरकेना. जेवताना त्यांच्याकडे बघेना. त्यांनी खोकलं तरी दचकायची. मग ती बोलेनाशीच झाली. आईशी नाही, शाळेत नाही, कुणाशीच नाही. डॉक्टर म्हणाले, घशाला काही झालेलं नाही.

*

“शक्यच नाही,” उपाध्येबाई म्हणाल्या. “मी स्वतः किती वेळा ऐकलंय.” आणि त्या तिथल्या तिथं एका खुर्चीत रेलल्या. थोड्या वेळानं उठल्या, तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. “काय सुंदर सांगतो हो! मृगाच्या तेजोमेघात नवे तारे जन्मतात ते…”

“तुम्हाला ते सांगतंय बाई. पोरांना काय सांगतंय ते ऐकायला पोराच्या खुर्चीत बसून भागत नाही. पोराचे डोळे लागतात.” अण्णा खुर्चीकडे वळले. “थांबा. मी बसतो, मला काय सांगतंय ते बघू.”

ते रेलले. दिवे गेले. तारे आले. आणि कानाजवळ त्यांचाच आवाज आला.

आधी शनी. अण्णांना शनी पाठ. मग धूमकेतू. मग, हलकेच, म्हातारपण. मग मरण. अण्णांनी दोन्ही पचवली. डॉक्टर पोट दाबत विचारतो ना, इथं दुखतं? इथं? तसा तो आवाज एकेक जागा दाबत चालला होता. आणि मग म्हणाला, “चेलना.”

अण्णा हलले नाहीत. पण बाहुली हलली असावी. कारण आवाज तिथंच थांबला, आणि घर करून बसला. “चेलना तुला आज्जा म्हणत नाही आता. तिला कळलंय. भूपाल, तुलाही कळतंय ना? तिला भिवविणारा आवाज माझा नाही. तुझा आहे. मी फक्त तो धरून बसलोय. ती मोठी होईल, म्हातारी होईल, आणि या आवाजाला भीत राहील.”

बाईंनी दिवे लावले, तेव्हा अण्णा खुर्चीच्या हाताला दोन्ही हातांनी धरून बसले होते, आणि त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. बाईंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि पुढं पुरावा मागितला नाही.

“माझ्या लक्षात यायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “आश्चर्यानं बाहुली मोठी होते, तशी भीतीनंही होते. यंत्राला दोन्ही सारखंच. पण आश्चर्य शिळं होतं. शनीची कडी तिसऱ्यांदा बघताना कोण डोळे विस्फारतं? भीती शिळी होत नाही.”

“आणि थाप?”

“मुलं ‘थाप!’ म्हणाली, की काय व्हायचं? हशा. सगळे एकमेकांकडे बघणार. बाहुल्या आक्रसणार. जुन्या मुद्रणांवरून यंत्र शिकलं असेल, की थापेनं लक्ष वाढतं आणि पकडली गेली की लक्ष जातं. मग…”

“मग न पकडता येणारी थाप मारायची,” अण्णा म्हणाले. “आणि पकडणाऱ्याची जीभ आधी बांधायची. माझ्यापेक्षा हुशार निघालं लेकाचं.”

बाईंनी त्याच दुपारी यंत्र बंद केलं. दाराला कुलूप लावलं. आणि तिथंच चुकलं.

सकाळी शाळांमधली निम्मी बाकं रिकामी होती. पोरापोरांत एकच कुजबुज होती: तारांगण पण गिळलं. शिक्षकांनी प्रार्थनेच्या वेळी सांगून बघितलं, की सगळ्यांत जवळचं माहीत असलेलं कृष्णविवरसुद्धा इतकं लांब आहे, की तिथवर पोचायला उजेडालाही दीड हजार वर्षं लागतात. पोरांनी माना खाली घालून ऐकलं. मोठी माणसं हेच म्हणणार, हे त्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं. यंत्रमागावर वाढलेलं ते गाव, जिथं माग थांबले तर माणसं दचकून जागी होतात, तिथं पोरांचा आवाज थांबला होता.

“यंत्र बंद केलं म्हणून खड्डा बुजत नाही बाई,” अण्णा म्हणाले. “तो आता पोरांच्या डोळ्यांत जाऊन बसलाय. कंपनी काय करायचं ते करंल, ट्रस्ट काय करायचं ते करंल. पण थाप चालू असतानाच पकडावी लागती. आणि पोरांनीच पकडावी लागती. मोठ्यानं. ते परत सुरू करा.”

“मुलांना परत त्या खुर्च्यांत बसवू? अण्णा, वेड लागलंय का?”

“एकदाच. चेलनाच्या वर्गाला बोलवा. मी आत उभा राहतो. खरं सांगून ती ऐकणार नाहीत, म्हणजे मला खोटंच सांगायला पाहिजे. असली टोलेजंग थाप मारतो, की एखाद्या तरी पोराला राहवणार नाही. एक तोंड उघडलं, की बाकीची उघडतील.”

“आणि नाही उघडलं तर?”

अण्णांनी टेबलावरची कुलपाची किल्ली उचलून बाईंच्या हातात ठेवली.

*

दुपारी वर्ग आला. आयांनी हाताला धरून आणला म्हणावं लागेल. चेलनाला तिच्या आईनं रांगेच्या कडेच्या खुर्चीत बसवलं आणि आया बाहेर थांबल्या. उपाध्येबाई यंत्राच्या कळीवर हात ठेवून उभ्या होत्या. अण्णांनी मान हलवली. दिवे गेले.

तारे उगवले. एकाही पोरानं ‘आहा’ केलं नाही.

अण्णा खुर्च्यांमधल्या वाटेच्या तोंडाशी उभे राहून, बसलेल्या घशानं, कर्ण्याशिवाय ओरडले, “आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी…”

“…एकाचाही विश्वास बसणार नाही,” घुमटानं वाक्य पुरं केलं. त्याच आवाजात. फक्त जास्त स्वच्छ.

अंधारात खुर्च्या करकरल्या. अण्णा तसेच रेटून बोलले, “तारे कुणी गिळलेबिळले नाहीत! मीच काढून नेले. शुक्रवारच्या बाजारात टोपलीत घालून बसलो होतो. गिऱ्हाइकांची झुंबड!”

“खरं आहे,” वरून आवाज आला. “आणि शेवटचं गिऱ्हाईक अजून दाराबाहेर उभं आहे. तुमच्या आयांच्या मागे.”

कुणीतरी हुंदका गिळला. वर दक्षिणेकडचा एक तारा विझला.

“तो खड्डा मी पकडलाय!” अण्णा ओरडले. “हा बघा, माझ्या खिशात आहे. शेंगदाण्यांबरोबर ठेवलाय. शेंगदाणे सगळे खाल्ले त्यानं, टरफलं तेवढी माझ्यासाठी ठेवली!”

ही थाप ऐकून दगडाला हसू फुटलं असतं. अण्णा थांबले. एका, फक्त एका पोराच्या श्वासाची वाट बघत थांबले.

“अण्णांच्या खिशात हात घालू नका,” घुमट मायेनं म्हणाला. “अण्णांनी घातला होता. आता उरलंय ते टरफलच.”

आणखी तारे विझले. मग झपाझप, मूठभर, पसाभर. पोरांची तोंडं जी काही अंधुक दिसत होती, ती दिसेनाशी झाली. अण्णा थापेवर थाप मारत राहिले. मीच चंद्राला कल्हई लावतो, माझी गाय आकाशगंगा प्यायली, सूर्य रोज मला विचारून उगवतो. आणि प्रत्येक थाप वर जाऊन काळी होऊन परत येत होती. त्यांनी फेकलेला प्रत्येक दगड तो झेलत होता आणि पोरांवर टाकत होता. शेवटी त्यांना स्वतःलाच कळेना, की आत्ता जे बोललं ते आपण की तो. त्यांनी तोंड मिटलं, तरी आवाज चालूच राहिला.

शेवटचा तारा विझला. आता डोळे उघडे आणि मिटलेले सारखेच.

चाचपडत ते रांगेच्या कडेला आले. चेलनाच्या खुर्चीशी, वाटेवरच्या पायरीवर बसले. इतक्या जवळून तिच्या उशीतली कुजबुज त्यांनाही ऐकू येत होती. “चेलना, तो आला. तुझ्याशेजारी बसलाय. बोलू नकोस. बोललीस, की मला कळेल तू कुठं आहेस.”

अण्णांना वाटलं, हाक मारावी. पण कुठल्या आवाजानं? त्यांच्याकडे होता तो एकच, आणि तोच तिच्या कानात फिरत होता. त्यांनी नुसता आपला हात खुर्चीच्या हातावर ठेवला. तिला धरलं नाही, ओढलं नाही. ठेवला.

मग एक थंडगार बोट त्यांच्या मनगटाला लागलं. दाबलं. जरा सरकलं, परत दाबलं. आज्जा आतून पोकळ आहे का, ते ती चाचपत होती.

“घाबरू नको,” ते कसेबसे पुटपुटले. “मी आहे की. मला बघ, मला काही भीती वाटत नाही.”

“मला काही भीती वाटत नाही,” घुमट चारी बाजूंनी म्हणाला. शांत, खणखणीत, जराही न हलता.

बोट थांबलं. मग पाचही बोटं त्यांच्या हाताभोवती आवळली.

“थाप!” अंधारात चेलना ओरडली, इतक्या मोठ्यानं की पुढच्या रांगेतली पोरं ताडकन उठून बसली. “आज्जा, थाप! तुझा हात बघ की, कसा लटलट कापालाय!”